गुरुवारचं मौन

“तिसऱ्यांदा कार्बोरेटर का खोललास, दिगंबर?” कासमभाई मिस्त्रींनी विचारलं.

“जेटमध्ये कचरा असणार, चाचा.”

“दोनदा धुतलास. निघाला?”

“नाही. पण असणारच.”

भिंतीशी स्टुलावर डबा घेऊन बसलेल्या यमुनाबाईंनी मान खाली घातली. वर्षापूर्वी त्यांनी ग्रामदेवीपुढे नवस बोलला होता... माझ्या दिगंबरच्या हाताला काम लागू दे, दर गुरुवारी उजाडल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत मी तोंडातून शब्द काढणार नाही.

देवीनं ऐकलं. घाटाखालच्या या गॅरेजात कासमभाईंनी दिगंबरला शिकायला घेतलं; बाईंचं गुरुवारचं मौन त्यांनाही ठाऊक होतं.

आज गुरुवार. आणि मघाशीच बाईंच्या देखत चाचा म्हणाले होते, “बारापर्यंत या जीपची खडखड गेली नाही, तर आईबरोबर घरी जा. परत येऊ नको.”

लेकासाठी चार शब्द टाकायला हीच वेळ होती. बाईंनी नुसते हात जोडले. चाचांनी पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं.

दिगंबरनं कार्बोरेटर पुन्हा जोडला. सुई नवी, वायसर नवे, फ्लोटची उंची पट्टीनं मोजलेली. इंजिन सुरू झालं. रेस दिली, तशी आत पुन्हा खडखड.

“ठिणगीचं टायमिंग?” चाचांनी विचारलं.

“पुस्तकाबरहुकूम. पुलीवरची खूण काट्यासमोर आणून लावलंय. डिप्लोमाला या विषयात मी पहिला होतो.”

“जीप तुझ्या बापाच्या वयाची. तिनं वाचलंय का पुस्तक?”

“थट्टा नको, चाचा. पेट्रोलमध्येच भेसळ असेल. नाहीतर आधीच्या मेकॅनिकनं काहीतरी घोळ घातलाय. शिवाय जीपचा ड्रायव्हर...”

तो बोलत होता, रेस देत होता, रेसच्या वर आवाज चढवून पुन्हा बोलत होता.

यमुनाबाई उठल्या. पदराला हात पुसला, आणि तळवा लेकाच्या तोंडावर ठेवला.

...

आता चाचांनी रेस दिली.

खड... खड... खड...

कान देऊन ऐकता ऐकता दिगंबरचे डोळे हळूहळू बॉनेटखाली वळले. ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट त्यानं सैल केला. ठिणगी जरा उशिरा पडावी म्हणून डिस्ट्रिब्युटर मुठीत धरून जरासा मागे फिरवला.

खडखड पातळ झाली.

आणखी जरा...

गेली. इंजिन एका सुरात चालू लागलं. चाचांनी दोनदा, तीनदा रेस दिली. सूर मोडला नाही.

बोल्ट कसून दिगंबरनं पुलीकडे पाहिलं. आईचा हात बाजूला करून म्हणाला, “पण चाचा, पुस्तकाप्रमाणे आता खूण काट्यावर...”

तळवा पुन्हा तोंडावर आला. चाचांना हसू आवरेना.

“पुलीचं रबर जुनं झालं की खूण सरकते,” ते म्हणाले.

मग त्यांनी हात धुतले. बाईंचा डबा उघडला, भाकरीवर वांग्याची भाजी घातली आणि ती आधी बाईंपुढे धरली.

“जेवा ताई. सुटलं तुमचं.”

बाईंनी घास घेतला. डोळे भरले होते.

“चाचा,” दिगंबरनं हळूच विचारलं, “मी... उद्या येऊ?”

“ये. उद्याचं मौन तू धर.”