उजेड कुणी खाल्ला?

भर दुपारी बारा वाजता मोरवडच्या दरबारात प्रधानजींनी खांबाला मुजरा केला, तेव्हा राजे भुजंगरावांचं डोकं फिरलं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत मिट्ट काळोख!

झालं असं, की महाराजांना खिडक्यांच्या लाल काचांतून येणारा लाल उजेड भारी आवडायचा. लाल काचेवर हिरवी बसवली तर उजेड दुप्पट रंगीत होईल, असं त्यांच्या मनाने घेतलं. राजाच्या मनाने घेतलेलं काढणार कोण? काचकारागीर सखोबाने हुकमाप्रमाणे प्रत्येक लाल काचेला आतून हिरवी काच जोडली. शेवटची जोडली आणि दरबारात डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना.

"या सखोबाने उजेड खाल्ला!" महाराज गरजले.

मोरवडात खाणारे कमी नव्हते. कुणी सरकारी धान्य खाई, कुणी रस्त्याची खडी. पण उजेड खाणारा हा पहिलाच. कोतवालाने लगेच पंचनामा केला: चोरीचा माल उजेड, रंग पिवळसर, वजन नाही. उद्या दुपारपर्यंत खाल्लेला उजेड हजर कर, नाहीतर तोंडाला काळं फासून गाढवावरून धिंड, असा निकालही लागला.

सखोबाने हाय खाल्ली. त्याची लेक चिमा बापाबरोबर काचा कापायची. ती दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातांनी दरबारात आली आणि महाराजांनी खिडकीला हात लावावा, अशी विनंती केली. महाराजांनी चाचपडत हात लावला आणि चटकन मागे घेतला. काच चांगलीच तापली होती.

"हा तुमचा उजेड, महाराज," चिमा म्हणाली. "खाल्लेलं काचांच्या अंगी लागलंय."

"काच रंग देते की उजेड खाते, पोरी?"

"देत काहीच नाही. उन्हात सगळे रंग असतात. लाल काच लाल तेवढा सोडते, बाकीचे खाते. हिरवी काच हिरवा सोडते आणि लाल खाते. बाहेरचीने हिरवा गिळला, आतलीने लाल. तुमच्या पानात काय पडणार?"

महाराजांनी एक हिरवी काच काढून पाहिली. लाल उजेड आला. पुन्हा लावली. काळोख. मग या काचांचीच धिंड काढू, असं कोतवालाने सुचवलं.

"काढा की," चिमा म्हणाली. "पण खाणारीचा दोष, की दोन खादाडांना एकाच पंगतीत बसवणाऱ्याचा?"

 महाराजांचा चेहरा कसा झाला, ते काळोखात कुणालाच दिसलं नाही. मग सिंहासनाकडून हसू ऐकू आलं आणि ते थांबेचना. सखोबा सुटला. महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून चिमासाठी पुढे केलं आणि कुणीतरी ते घेतलं.

"महाराज, आधी काचा शेजारी-शेजारी बसवू द्या," चिमा म्हणाली. "बक्षीस उजेडात द्यावं."

घटकाभरात काचा सुट्या होऊन शेजारी-शेजारी बसल्या. निम्म्या दरबारात लाल उजेड आला, निम्म्यात हिरवा. कडं कोतवालाच्या मनगटात होतं.

महाराजांनी हसत हसत ते उतरवून घेतलं आणि चिमाच्या हातात घातलं.