तान्हाईची सावली

तुमच्या-माझ्या पणज्या पाळण्यात होत्या, त्याच्याही आधीची ही गोष्ट. नदीकाठच्या करंजधऱ्यात तान्हाई सुतारीण राहायची. नवरा खंडू सुतार गेला, तेव्हा गावाला वाटलं, आता नांगर दुरुस्तीला परगावी जावं लागणार. पण तान्हाईनं त्याचा वाकस उचलला आणि अंगणातल्या बाभळीखाली लाकूड तासायला बसली. ती बाभूळ खंडूनं लग्नाच्या वर्षी लावलेली. तिच्या सावलीत बसलं की तो जवळ आहे असं तान्हाईला वाटायचं.

मग एका पावसाळ्यात नदी शेतात शिरली आणि हातभर गाळ ठेवून गेली. तो वाळून इतका टणक झाला की नांगरल्यावर पेटाऱ्याएवढी ढेकळं निघायची. कुळव त्यांच्यावरून नुसता उड्या मारत जायचा. पेरलेलं बी फटीत पडून वाया जायचं. दोन हंगाम असे रिकामे गेले आणि पाडवा झाला की गाव सोडायचं, असं लोकांनी ठरवून टाकलं.

तान्हाईला इलाज ठाऊक होता. बैलांमागे आडवा ओढायला जाडजूड, वजनदार ओंडका हवा होता. पण काठावरची झाडं पुरानं नेली होती. तेवढ्या घेराचं झाड गावात एकच उरलं होतं. ती दिवसभर बाभळीला टेकून बसली. मग उठली आणि पहिली कुऱ्हाड स्वतःच घातली. त्या दिवशी ती पोटभर रडली, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

ओंडका तयार झाला, बैल जुंपले, तरी वजन कमीच पडलं. गड्यांनी वर दगड रचले. मोठं ढेकूळ आलं की दगड गडगडत खाली, एक तर थेट येसाजी पाटलांच्या पायावर. तान्हाई म्हणाली, दगड कशाला, आम्ही बाया बसतो. बाईनं नांगराला हात लावला तर पाऊस रुसतो, अशी तेव्हा समजूत होती.

"बाईमाणसाला नांगर चालत न्हाई, तान्हाक्का," पाटील पाय चोळत म्हणाले.

"ह्येला फाळ हाय का, पाटील? मग ह्यो नांगर न्हवं. आन् आमी हात कुटं लावतोय? आमी बसतोय."

पाटील लंगडत बाजूला झाले. आधी तान्हाई बसली, मग शेजारी बाया बसल्या, पोरं मांडीवर घेऊन. त्यांनी ओव्या धरल्या आणि थकलेले बैल कासरा न ओढता चालू लागले, असं म्हणतात. ढेकळं पापडासारखी फुटली. शिवार चाळलेल्या पिठासारखं मऊ झालं आणि त्या साली ज्वारीत शिरलेला उंट दिसेना, असंही म्हणतात. गाव सोडायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

काम संपवून तान्हाई भीतभीतच घरी आली. उघडं अंगण तिला बघवणार नव्हतं. बघते तर झाड नव्हतं, पण सावली होती तिथंच पसरलेली.

आता करंजधऱ्यात ट्रॅक्टर आहेत. तरी पाडव्याला ट्रॅक्टरमागे ओंडका बांधतात आणि पाटलांच्या घरचा माणूस गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला हात धरून त्यावर बसवतो. मग सगळे तान्हाईच्या मोकळ्या अंगणात भाकरी खातात. गेल्या पाडव्याला मीही गेलो होतो. डोक्यावर ना फांदी ना छप्पर. मी जरा कडेला बसलो, तर शेजारची म्हातारी आपलं ताट सरकवून म्हणाली,

"अलीकडं सरक बाबा, तितं ऊन हाय."