एकाच दोरीवरची पागोटी

पूर्वी वाराणसीत उग्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व सीमेवरच्या नदीकाठी, रंगाऱ्याच्या घरी जन्माला आले होते. मोठे झाल्यावर बापाचाच धंदा त्यांनी चालवला. हात कोपरापर्यंत रंगलेले, बोलणं कमी.

उग्रसेनाचं आणि पूर्वेच्या राजाचं एका जकातनाक्यावरून भांडण पेटलं. एवढंसं ते भांडण! पण याचा मेहुणा धावून आला, त्याचा व्याही धावून आला, आणि दोन वर्षांत पाच राजे त्यात ओढले गेले. रानात व्यापाऱ्यांच्या तांड्यांना सोबत करणाऱ्या, नदीपारच्या वाटा दाखवणाऱ्या हत्यारबंद टोळ्या होत्या, त्याही राजांनी आपापल्या बाजूला ओढल्या. वाराणसीकडून लढणाऱ्यांचं पागोटं लाल, पूर्वेकडच्यांचं निळं. तोंडं झाकलेली असत, म्हणून रंग बघूनच वार करायचा. पण टोळ्या सारख्या बाजू बदलत. सकाळी ज्यांच्या पंगतीला जेवले, संध्याकाळी त्यांच्यावरच चालून जायचे. आणि दर वेळी पागोटी यायची बोधिसत्त्वांकडे, नव्या रंगात बुडवायला.

रंगाऱ्यांचा एक जुना नेम होता. कापड धन्याच्या अंगावर चढेपर्यंत त्याच्या रंगाचं नाव दुसऱ्यापाशी काढायचं नाही.

शेजारी नंदा नावाची विधवा राहत असे. तिचे दोन मुलगे. थोरल्या सोणकाची टोळी लाल, धाकट्या उपलची निळी. दोघांच्याही माणसांच्या पागोट्यांच्या किनारी तिनेच शिवलेल्या. रोज ती कुंपणाशी येऊन विचारी, "भाऊ, माझ्या पोरांच्या पागोट्याचा रंग एक झाला का हो?"

"नंदाताई, ते मला विचारू नका."

"नका सांगू. तुमचे हात तरी बघू द्या!" असं म्हणून ती हात निरखी, आणि तिथे लाल आणि निळं दोन्ही बघून घरी जाई.

नदी पायी ओलांडता येते त्या उतारावर लढाई ठरली. तिला दोन दिवस असताना भल्या सकाळी सोणक आला. शंभर लाल पागोट्यांचा भारा त्याने अंगणात टाकला.

"काका, निळी करा."

"का रे?"

"उतारावर समोर उपल असणार. त्याच्यावर हात कसा उचलू? त्याच्याच बाजूला जातो. पण कुणापाशी बोलू नका. बातमी फुटली तर सेनापती मान उडवील."

तो गेला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा शंभर निळी पागोटी घेऊन उपल आला.

"काका, लाल करा. दादावर तलवार चालवण्यापेक्षा त्याच्याबरोबर मेलेलं बरं. फक्त दादाला कळू देऊ नका, तो मला येऊ द्यायचा नाही."

बोधिसत्त्वांचा हात रांजणातच राहिला. भावाला वाचवायला दोघे निघाले होते, आणि परवा उतारावर पुन्हा समोरासमोरच येणार होते! तोंड उघडावं तर नेम मोडतो, वर बातमी फुटून दोघांची डोकी जातात. गप्प राहावं तर नंदाच्या एका लेकाच्या हातून दुसरा मरतो. शिवाय वाराणसीच्या सेनापतीने त्यांना राजरंगारी करण्याचं वचन दिलं होतं. नुसतं मुकाट्याने काम करायचं होतं.

 मग दोघांनाही त्यांनी एकच निरोप धाडला, "उद्या दिवस कासराभर वर आला की या."

नवा रंग चढवण्याआधी जुना उतरवावा लागतो. त्यांनी दोन्ही भारे खाराच्या पाण्यात उकळले, आणि दोनशे पांढरी पागोटी एकाच दोरीवर वाळत घातली.

दुसऱ्या दिवशी नंदा कुंपणाशी आली, तशीच थिजली. दोनशे पागोटी एकाच रंगाची, आणि सगळी आपल्याच हातच्या किनारीची. तोवर एका वाटेने सोणक आला, दुसरीने उपल. दोघांचे हात तलवारींवर गेले.

"तू माझ्या मागावर आलास?"

"आणि तू? मला पकडायला?"

बोधिसत्त्व मध्ये उभे राहिले. "आपापली पागोटी ओळखा आणि काढून घ्या. मग हवं तर मला आडवं करून लढा."

दोघे दोरीशी गेले. एकालाही आपलं ओळखता येईना.

"मी तुझ्या बाजूला येणार होतो रे!" उपल ओरडला.

सोणकाने तलवारीवरचा हात काढला. "मी तुझ्या."

 मग सोणक म्हणाला, "काका, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"रंगाचं नाव काढायचं नाही, हा आमचा नेम. वाळत कुठे घालायचं, याला नेम नाही."

तेव्हा नंदा हसली आणि रडलीही. "मेल्यांनो, आता तरी तलवारी खाली ठेवा!"

दोन्ही टोळ्या पांढरी पागोटी बांधून परत तांड्यांच्या सोबतीला गेल्या. या वाटाड्यांशिवाय कुठल्याच सैन्याला उतार सापडेना, तिथली लढाई झाली नाही. संतापलेल्या सेनापतीने बोधिसत्त्वांचे सगळे रांजण फोडले. दिवसभर नदी एका काठाने लाल, एका काठाने निळी वाहिली, आणि गावाखाली गेल्यावर तिचं पाणी नुसतं पाणी झालं.

संघातल्या वादात दोन तट पाडून बसलेल्या भिक्षूंना ही कथा सांगून त्यांचे गुरू, शास्ते, म्हणाले, "तेव्हाचा सोणक म्हणजे इथला भिक्षू वप्पिल, उपल म्हणजे त्याच्याकडे पाठ करून बसलेला सुयाम. नंदा म्हणजे रोज दोघांना सारखीच भिक्षा वाढणारी उपासिका. आणि तो रंगारी मीच होतो."

सुयाम वळला आणि वप्पिलाकडे तोंड करून बसला. कुणाचीही बाजू न घेता दोघांचंही भलं करण्याच्या रंगाऱ्याच्या गुणाला मैत्री म्हणतात.