भरतीचा कातळ

“मग माझ्या एकाही चित्राला तुम्ही आजवर चांगलं का म्हटलं नाहीत, मास्तर?”

हेमांगीने कातळावर बसून बोर्डावर कागद लावता लावता विचारलं. जलरंगात समुद्र काढावा तो तिनेच, असं आता शहरातले जाणकार म्हणत. तिच्या हातात पहिला ब्रश देणारे आरोसकर मास्तर मात्र तिची चित्रं नुसती बघत, आणि चहा टाकायला उठत.

ओहोटीच्या ओल्या वाळूवरून चालत दोघं इथवर आली होती. मास्तर खाडीच्या तोंडाकडे बघत होते.

“आज उधाण आहे, बाय. किनाऱ्यावरून काढ.”

“इतकी वर्षं समुद्रच काढतेय मी. मला भरती नका शिकवू.”

मास्तर तिच्यामागे बसले, गुडघ्यांना मिठी मारून.

तिने कागद भिजवला. आभाळ कागदावर उतरलं. लाटांच्या फेसापुरता कागद तिने कोरा, पांढरा राखला. मान खाली, श्वास रोखलेला.

“पाणी आलं,” मास्तर म्हणाले.

“एवढा रंग ओला आहे तोवर...”

जरा वेळाने पुन्हा, “हेमा, पाणी.”

“झालंच, मास्तर.”

मग तिच्या घोट्याला काहीतरी गार लागलं.

तिने मान वर केली. येतानाची वाळू कुठेच नव्हती. कातळाभोवती गढूळ पाणी गरगरत होतं. किनाऱ्यावरची सुरूची झाडं एकाएकी फार लांब गेली होती.

“तुम्ही... तुम्ही आधी का नाही बोललात?”

“बोललो.”

“पोहता येतं ना तुम्हाला?”

“नाही. तुला?”

तिने नकारार्थी मान हलवली.

मास्तरांचे ओठ पांढरे पडले होते. तेही घाबरलेत हे दिसलं, आणि तिचा उरलासुरला धीरही सुटला.

घाईत उठताना तिचा हात रंगांच्या पॅलेटवर पडला. पंजा निळ्या रंगाने माखला, पण तिला त्याचं भान नव्हतं. चित्राचा बोर्ड दोन्ही हातांनी डोक्यावर धरून ती पाण्यात उतरली. मास्तर मागोमाग.

पाणी कमरेला लागलं. मग छातीला. पायांखालची वाळू निसटत होती. मागे मास्तरांची धाप ऐकू येत होती... ती ऐकू येत होती तोवर बरं होतं.

मग ती ऐकू येईनाशी झाली.

हेमांगीने वळून पाहिलं. नुसतं पाणी. त्यातून एक हात वर आला... आणि आत गेला.

पुढचं तिला नीट आठवत नाही. बोर्ड सुटला. कोणीतरी किंचाळत होतं, ती स्वतःच. मुठीत शर्टाची बाही आली, बाहीत हाडकुळा दंड. तो तिने सोडला नाही. नाकातोंडात पाणी गेलं तरी सोडला नाही.

किनाऱ्यावर दोघं पालथी पडून राहिली. मास्तर खोकत होते. हेमांगीचे दात कडकडा वाजत होते.

“चित्र गेलं,” ती म्हणाली.

आणि मग तिला रडू फुटलं. “मला वाटलं, तुम्हीच गेलात.”

मास्तर हळूहळू उठून बसले. त्यांच्या पांढऱ्या बाहीवर एक पंजा उमटला होता. गच्च आवळलेली निळी बोटं. खाऱ्या पाण्यात रंग सुटून कोपरापर्यंत ओघळला होता, कुठे गडद, कुठे अगदी फिका.

ते त्या पंजाकडे बघत राहिले... मान कलती करून, कितीतरी वेळ.

मग त्यांनी तो दंड तिच्यापुढे धरला.

“खाली सही कर.”