पहिला आपला नाही

"मग देऊ ना सर, तुमचं नाव?"

मठकर सरांनी मान वर केली नाही. पडवीत बसून ते कोकमांसाठी रातांबे फोडत होते. बिया एका भांड्यात, सालं सुपात. बोटं लालभडक झाली होती.

शलाकाला वाटलं, ऐकू गेलं नसावं. तिने आवाज चढवला.

"खेकड्याला, सर! नव्या प्रजातीला! शोधणाऱ्याला नाव द्यायचा मान असतो. मी तुमचं द्यायचं ठरवलंय."

"ऐकलं मी. कान अजून शाबूत आहेत."

एवढं बोलून सरांनी पुढचा रातांबा उचलला.

शलाका दाभोळे ही विद्यापीठात प्राणिशास्त्रात पीएच.डी. करत होती. हुशार होती, त्यात वाद नाही. पण आपण हुशार आहोत हे तिला जरा लवकरच कळलं होतं. चार माणसांत बसली की खेकड्याचा विषय कुठून तरी निघायचाच, आणि काढणारी बहुतेक तीच असायची.

सर तिचे एम.एस्सी.चे शिक्षक. लग्न केलं नाही. उभा जन्म ओढे नि डबकी धुंडाळण्यात गेला. निवृत्त झाले आणि सावंतवाडीजवळच्या आपल्या गावी येऊन राहिले. ना भाऊ, ना बहीण. घरात ते आणि एक मांजर. विद्यार्थी थट्टेने त्या घराला मठ म्हणायचे. पण शोधनिबंध छापायला धाडण्याआधी जो तो गुपचूप मठात जाऊन यायचा. सर कौतुक करत नसत. फार तर "बरं आहे" म्हणायचे, आणि तेवढ्यावर माणूस आठवडाभर हवेत चालायचा.

शलाकाला ते "बरं आहे" आजवर एकदाही मिळालं नव्हतं. नाव देण्यामागे आदर होताच, पण खरं सांगायचं तर थोडी लाचही होती.

तिने पिशवीतून बरणी काढून सरांपुढे ठेवली. स्पिरिटमध्ये एक खेकडा, शिळ्या भातासारखा फिका पडलेला.

"जिवंतपणी जांभळा होता, सर. नांग्यांना शेंदरी टोकं. इतका देखणा..."

"कुठला हा?"

या प्रश्नाची तर ती वाटच बघत होती.

"तुमच्याच गावचा! वरच्या सड्यावर करवंदीच्या जाळीखाली झरा आहे ना, तिथला. आणि फक्त तिथलाच. आसपासचा एकूण एक ओढा पालथा घातला मी. जगाच्या पाठीवर हा दुसरीकडे कुठेच नाही!"

हे शेवटचं वाक्य तिने एसटीत तीनतीनदा घोकलं होतं. ठरवल्याप्रमाणे ते ठसक्यात बाहेर पडलं.

सरांनी हात थांबवला.

"हा एकच धरलास?"

"छे, एकावर कसं भागेल? नर हवा, मादी हवी, लहान-मोठे हवेत. तुलना करायला लागतात, सर."

"मग बाकीचे?"

"विभागात आहेत. बरण्यांत. कपाटाला कुलूप लावलंय."

"ते नाही विचारलं. झऱ्यात बाकीचे?"

"असतील की..." शलाका म्हणाली. आवाजातला ठसका गेला होता.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. सड्यावरचं, त्या कातळाच्या पठारावरचं, पाणी आटलं की सगळे खेकडे उतरून त्या एका झऱ्याशी गोळा होतात. त्यातच तिच्या कानावर आलं की दुसऱ्या विद्यापीठाचे लोक त्या बाजूला फिरतायत. त्यांच्या हाती एक जरी लागला असता, तरी तिच्याआधी त्यांचा निबंध छापून आला असता. मग तिने झऱ्यातला एकही दगड उलटायचा ठेवला नाही. परतल्यावर मैत्रिणींना हसत सांगितलं होतं, "झरा धुऊन काढला!" मैत्रिणीही हसल्या होत्या.

सरांनी बरणीचं झाकण उघडलं. खेकडा तळहातावर घेतला, उताणा केला. पोटाखालची झडप रुंद होती. मादी होती ती. सरांनी नखाने झडप हलकेच उचलली.

आत पिल्लं होती. मोहरीएवढी, पांढरी. एकमेकांत पाय अडकवून अजून आईला धरून बसलेली.

"ते लिहिलंय मी, सर," शलाका घाईने म्हणाली. "पिल्लं पोटाशी बाळगतात त्याबद्दल वेगळा परिच्छेद आहे. आकृतीसकट."

बोलून गेली, आणि आपले शब्द तिच्याच कानांना कसेतरी लागले.

सरांनी झडप बोटाने बंद केली, झोपलेल्या पोराचं पांघरूण सारखं करावं तशी. खेकडा परत बरणीत ठेवला.

"चल," ते उठत म्हणाले. "भेटून येऊ."

"कुणाला?"

सर पायांत चपला सरकवत होते.

सडा तव्यासारखा तापला होता. सर पुढे, शलाका मागे.

करवंदीच्या जाळीखाली गारवा होता. झरा तसाच होता. खडकाच्या फटीतून पाणी यायचं, परातीएवढ्या डोहात साठायचं आणि पुढे जमिनीत जिरून जायचं. सर काठावर मांडी घालून बसले. शलाकाही बसली.

आणि तिला ते आठवलं. आठवायला नको होतं, पण आठवलं.

सहलीला नेलं की सरांचा एक दंडक असायचा. पाण्याशी पोचल्यावर कुणी लगेच हात घालायचा नाही. गप्प बसायचं. ज्याला धरायला आलो, त्यातला पहिला दिसला की त्याला जाऊ द्यायचं. "पहिला आपला नाही," सर म्हणायचे. तो गेला की मग हात ओला करायचा आणि कामाला लागायचं. पोरं कंटाळायची, याला सरांचं सोवळं म्हणायची. कॅन्टीनमध्ये सरांचा आवाज काढून "पहिला आपला नाही" म्हणण्यात शलाकाचा हात कुणी धरत नसे. टाळ्या पडायच्या.

गेल्या उन्हाळ्यात ती इथे बसली नव्हती. आली तीच बाह्या सरसावून.

आता दोघं पाण्याकडे बघत बसले.

पाण्यावर लांब पायांच्या निवळ्या सरकत होत्या. एक पिकलं पान फिरत फिरत काठाला लागलं. बाकी काही हललं नाही.

"सर, दगडाखाली बघू का? उन्हाचे ते..."

"बस. पहिला दिसू दे."

पलीकडच्या काठाला खेकड्यांची बिळं होती. गेल्या वर्षी त्यांच्या तोंडाशी ओल्या मातीच्या गोळ्या पडलेल्या असायच्या. आता मातीला भेगा गेल्या होत्या, आणि सगळ्यात मोठ्या बिळाच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं होतं. जुनं, धूळ बसलेलं जाळं. शलाकाला ते दिसलं. सरांना दिसू नये असं तिला वाटलं. तिने हळूच त्यांच्याकडे पाहिलं.

सर जाळ्याकडेच बघत होते.

धरणीने पोटात घ्यावं म्हणतात, ते आजवर तिने पुस्तकात वाचलं होतं.

"सर..."

"हं."

"मी सगळे नेले."

सरांची नजर जाळ्यावरून हलली नाही.

"त्या लोकांना मिळू नये म्हणून. शेवटी एक छोटंसं राहिलं होतं. हातातून निसटलं आणि त्या कपारीत घुसलं. मला कळत होतं, सर... हे शेवटचं आहे, राहू द्यावं, हे मला तेव्हाच कळत होतं. तरी काडी घालून घालून काढलं मी त्याला."

सांगताना तिची मान वर होईना. हुंदकाही येईना, रडली असती तर बरं वाटलं असतं. नुसती शरम दाटून आली होती.

सावली सरकली. पाण्यावर ऊन आलं, तळ लख्ख दिसू लागला. तळाशी वाळू होती, दगड होते.

"निबंध छापायला धाडतच नाही, सर."

"कशाला? छापू दे. इथे कोण राहत होतं ते लोकांना कळू दे."

"मग निदान तुमचं नाव तरी नको." ती कळवळून म्हणाली. "तुमचं नाव मी असल्या गोष्टीला... दुसरं काहीही देते, सर. पण तुमचं नको."

सरांनी हात पाण्यात बुडवला. जन्माची सवय. ओला हात तसाच थोडा वेळ पाण्यावर धरून ठेवला. रातांब्याचा लाल रंग काही गेला नव्हता. उचलायला काहीच नव्हतं. मग त्यांनी तो हात धोतराला पुसला आणि शलाकाच्या खांद्याचा आधार घेत सावकाश उभे राहिले.

"दे गो, माझंच दे," सर म्हणाले. "माझ्यामागेही कोण नाही."