धुनीपाशी ठेवलेले जर्दाळू

हा प्रसंग घडला तेव्हा मी मठात नव्हते. पुढे लिहिले आहे ते मठातला शिष्य पद्मनाभ याने मला सांगितले, आणि मठाचा स्वयंपाक पाहणाऱ्या इंदूताईंनी ते दुरुस्त केले. दोघांचे जिथे जुळत नाही, तिथे तसे नोंदवले आहे.

"मग ते मेलं कशानं, बुवा?"

विचारताना पद्मनाभाच्या हातात एक कुंडी होती. कुंडीत जर्दाळूचे गुडघाभर उंचीचे कलम.

नीळकंठबुवा मठाचे प्रमुख. ते धुनीतली राख सारखी करत होते.

मठ कुमाऊँच्या डोंगरात आहे. हिवाळ्यात तिथे अंगणातल्या हंड्यातले पाणी गोठते. बुवांच्या गुरूंनी लावलेले जर्दाळूचे झाड गेल्या पावसाळ्यात दरडीखाली गेले. त्याआधी बुवांनी त्याच्या फांदीचे एकच कलम रानजर्दाळूच्या रोपावर बांधले होते. त्या झाडाचे आता एवढेच उरले होते, आणि ते पद्मनाभाच्या स्वाधीन केलेले होते.

"पौषात ते उघड्यावर होतं," पद्मनाभ म्हणाला. "हंडा तळापर्यंत गोठला, त्या रात्रीसुद्धा. काही झालं नाही. परवाची थंडी तिच्यापुढे काहीच नव्हती, आणि परवाच ते काळं पडलं. थंडीनंच मरायचं, तर पौषातच मेलं असतं."

"युक्तिवाद चांगला आहे."

"मग?"

"पौषातली ती रात्र आणि परवाची रात्र. मधे ते कुठे होतं?"

पद्मनाभाने धुनीकडे पाहिले.

"इथेच की," इंदूताई दारातून म्हणाल्या. "धुनीपाशी, आठवडाभर. दुलई तेवढी घालायची राहिली होती."

"ताई, बुवांच्या गुरुमहाराजांचं झाड आहे ते... त्याला सोसावं लागू नये म्हणून आत आणलं. रात्रंदिवस शेजारी बसून होतो. परवा आकाश निवळलं, ऊन पडलं, म्हणून बाहेर ठेवलं."

त्याच रात्री दव गोठले होते.

बुवांनी राखेतून हात काढला.

"उपरणं काढ. शिळेवर जाऊन बस."

अंगणातली ती शिळा मठात येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होती. पौषभर पद्मनाभ पहाटे तिच्यावर उघड्या अंगाने बसून जपाची पूर्ण माळ ओढत असे. पाहुणे त्याविषयी खाली गावात बोलत. ते बोलतात हे त्याला आवडत असे. हे त्यानेच मला सांगितले.

तो जाऊन बसला.

माळ कुठवर गेली, याविषयी एकमत नाही. पद्मनाभ म्हणतो, निम्मी. इंदूताई म्हणतात, "निम्मी कसली? दातच इतके वाजत होते की नाम कुठलं आणि दात कुठले, देवालाही कळलं नसेल."

बुवा बाहेर आले. त्यांनी स्वतःची घोंगडी त्याच्या खांद्यांवर टाकली.

"शिळा तीच आहे," ते म्हणाले. "आणि पौषापेक्षा आजची सकाळ उबदार आहे."

"आठवडाभर धुनीपाशी होतो, बुवा..."

"कोजागरीला ओसरीवर झोपायला लागलास. शिळेवर केव्हा बसलास?"

"मार्गशीर्ष सरताना."

"कमवायला एवढे दिवस. आणि घालवायला?"

...

झाडाची आणि माणसाची ही तुलना बुवांची आहे, माझी नाही. माणूस थंडीला सरावतो ते वेगळ्या रीतीने. झाडापुरते मात्र म्हणणे बरोबर आहे. दिवस लहान होतात, गारवा वाढत जातो, तसे झाड वाढ थांबवते, पेशींत साखर साठवते, पेशींची आवरणेही बदलते. मग ते गोठणे सोसू शकते. या तयारीला आठवडे लागतात. उबेत ती थोड्या दिवसांत उतरते.

"म्हणजे मीच मारलं," पद्मनाभ म्हणाला.

त्याने घोंगडी खांद्यांवरून काढून ठेवली.

"मी आज खाली उतरतो, बुवा. दुपारची गाडी मिळेल. ज्याच्यावर तुम्ही एकच गोष्ट सोपवली होती..."

"आधी ती कुंडी इकडे आण."

त्याने आणली.

बुवांनी शेंड्याजवळची साल अंगठ्याच्या नखाने खरवडली. आत तपकिरी. आणखी खाली खरवडली. तिथेही तपकिरी. पद्मनाभाने मान फिरवली.

जिथे कलम रानरोपाला सांधले होते, त्याच्या बोटभर वर बुवांनी तिसऱ्यांदा नख लावले.

"अरे, बघ तरी," इंदूताई म्हणाल्या.

साल ओलसर होती, आणि तिच्याखाली हिरवे होते.

पद्मनाभ होता तिथेच खाली बसला. तो हसत होता की रडत होता, हे इंदूताईंना सांगता येत नाही. ताई त्याच्याकडे आणि बुवांकडे बघत राहिल्या आणि चुलीवरचा चहा उतू गेला.

"सांध्याच्या वर आहे ना, बुवा? वरच आहे ना? म्हणजे रानातलं नव्हे, आपलंच?"

"वर आहे. आपलंच आहे."

त्या हिरव्याच्या कडेला एक डोळा होता. फुटवा यायचा तो अंकुर. बुवांनी तो बोटाने चाचपला.

"फुगलाय, पण मिटलेला आहे. उमलायला लागला असता, तर त्याला थंडीकडे परत फिरता आलं नसतं."

"आता वाचेल ना?"

"माघ अजून सरलेला नाही."

"मग आत नेतो."

बुवांनी त्याच्याकडे पाहिले.

"बरं... शिळेजवळ ठेवतो."

बुवांनी पुन्हा पाहिले.

हे लिहीत असताना फाल्गुन लागला आहे, आणि तो डोळा अजून मिटलेलाच आहे. त्या सकाळी बुवा एवढेच म्हणाले:

"ओसरीवर ठेव. आणि तूही तिथेच झोप."