साळवंडीचा उष्टा नैवेद्य

देवळाच्या मागं, उतार संपतो तिथं जे लहानसं खाचर दिसतंय, ते ठकूचं खाचर. सगळ्या शिवारात भात पिकून पिवळा पडलाय, पण आमच्या साळवंडी गावात पहिला विळा लागतो तो ह्याच खाचराला. तोही गावातल्या माणसाच्या हातानं लागत नाही. आज सकाळी तुमच्यातल्या दोन ताईंच्या हातात विळे दिले, ते फोटोसाठी नव्हते. त्यांनी कापला म्हणून आता बाकीचं गाव कापायला मोकळं झालं.

तुम्ही सकाळपासून मांडवावरच्या काकड्या तोडल्यात, भोपळ्याचे घारगे खाल्लेत, ओढ्यात खेकडे बघून किंचाळलात. नवान्नाचा महोत्सव म्हणून जी पाटी रस्त्यावर लावलीय, त्यात हे सगळं येतं. पण खरं नवान्न म्हणजे पुढचा एक तास. सकाळी कापलेला भात झोडून, उन्हात सुकवून, उखळात कांडून आता चुलीवर चढलाय. तो आधी बाहेरचा माणूस खाणार. त्याच्या पानात जे उरेल ते वाघजाईला नैवेद्य म्हणून जाणार. हो, उष्टंच. मघाशी सांगितलं तेव्हा काहींनी तोंड वाकडं केलं, ते मी बघितलं. तोंड वाकडं करणारे तुम्ही पहिले नाही.

ही गोष्ट दरवर्षी आमचे अण्णा पांगारे सांगतात. माइक त्यांच्या हातातून सुटत नाही. पण ते अर्धी गाळतात. त्यांच्या सांगण्यात एक पुण्यवान सून होती, तिला देवी प्रसन्न झाली, टाळ्या. ती सून उपाशी का होती, हे त्यांच्या गोष्टीत येतच नाही. म्हणून ह्या वर्षी मी सांगतोय. कॉलेज अर्ध्यात टाकलेल्या पोरानं गावाची अब्रू काढू नये, असं अण्णांचं म्हणणं आहे. अब्रू मी कशाला काढू? ती पारावर बसणाऱ्यांनी फार पूर्वीच काढून ठेवलीय.

असं सांगतात की, त्या वर्षी पावसानं आधी दडी मारली आणि मग भादव्यात असा कोसळला की डोंगरावरची नाचणी, वरई मुळासकट खाली आली. घरोघरच्या कणग्या आधीच खरवडून झाल्या होत्या. लोक रानातले कंद उकडून खात होते. वाचला होता फक्त खाचरातला भात. दसरा आला, भात पिकला, लोंब्या वाकल्या. कुणीही म्हणेल, मग कापा आणि खा.

पण नव्या भाताची पहिली पेंढी मानकऱ्यानं कापायची, तिचा नैवेद्य वाघजाईला दाखवायचा आणि मगच गावानं विळा धरायचा, अशी रीत होती. आणि मानकरी त्याच उन्हाळ्यात वारला होता, मागं मूलबाळ न ठेवता. त्याच्या बहिणीच्या घरचे वरच्या आळीचे पांगारे म्हणाले, मान आमचा. त्याच्या भावकीतले खालच्या आळीचे रेणुसे म्हणाले, मान आमचा. पांगाऱ्यांचा म्होरक्या राघोजी, रेणुशांचा सुभानजी. दोघंही साठीच्या पुढचे, दोघंही गावातले शहाणे. गाव शहाण्यांच्या हातात असलं की काय होतं ते पुढं बघा.

त्यांनी देवीला कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर मान पांगाऱ्यांचा, डावी पडली तर रेणुशांचा. उजवी पडली की रेणुसे म्हणायचे, वाऱ्यानं पडली. डावी पडली की पांगारे म्हणायचे, कळी नीट चिकटवलीच नव्हती. मग उद्या पुन्हा कौल. हे दोघं सकाळी पारावर बसायचे ते दिवेलागणीलाच उठायचे. तंबाखू मात्र एकाच चंचीतली खायचे म्हणे, त्यात मान आड येत नव्हता.

इकडं भात कुणासाठी थांबत नसतो. पिकल्यावर वेळेत कापला नाही तर दाणा झडून चिखलात जातो. रोज थोडा झडत होता, रोज पाखरांचे थवे उतरत होते. आणि गाव बांधावर उभं राहून बघत होतं. पिकलेल्या शेताच्या कडेला उपाशी मरायची तयारी ठेवलेली माणसं तुम्हाला दुसरीकडं कुठं सापडायची नाहीत.

ठकू ही सुभानजीची धाकटी सून. तिच्या अंगावर पाच महिन्यांचं पोर होतं आणि पोटात काही नसल्यानं दूध आटत चाललं होतं. पोर छातीला लागायचं आणि कोरडं ओढून रडत सुटायचं. नंतर नंतर तर त्याचं रडणंही बारीक झालं. बायकांना कळतं, रडणं बारीक झालं की काय होतं ते. नवरा बापापुढं तोंड न उघडणारा. शेवटी तिनंच सासऱ्याला विचारलं, एक पेंढी कापू का, पेजेपुरती. सुभानजी म्हणाला, “देवीच्या आधी तुझं पोर का?”

ते वाक्य तिनं गाठीला बांधून ठेवलं.

दसरा झाला की देशावरचे धनगर मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात. त्यांची वाट आमच्या खिंडीतूनच जाते. त्या वर्षी एक कळप पुढं गेला आणि त्यातली मायाक्का नावाची म्हातारी मागं राहिली. तिला ताप होता, सोबत पाचपंचवीस मेंढ्या आणि दोन शेळ्या. भर दुपारी ती ठकूच्या दारात येऊन बसली. पाणी मागितलं. मग म्हणाली, घरात काही शिळंपाकं असलं तरी चालेल.

दुपारी दारी आलेल्याला उपाशी धाडायचं नाही, हीसुद्धा रीतच होती. ह्या रीतीबद्दल पारावर कुणी कधी भांडल्याचं ऐकिवात नाही, कारण ती पाळायची बायकांनी. ठकू आत गेली. मडकी पालथी होती. ती बाहेर आली, पोर मायाक्काच्या मांडीवर ठेवलं, आढ्याचा विळा काढला आणि सरळ देवळामागच्या खाचरात उतरली.

पारावरून ते समोरच दिसतं. आताही बघा, दिसतंय. राघोजी उठून ओरडला, “ए, कुणाच्या मानानं कापतीस?”

ठकू वाकलेलीच होती. म्हणाली, “दारात बसलीय, तिच्या.”

पेंढीभर भातातून निघणार किती? तव्यावर गरम करून, कांडून, पाखडून ओंजळभर तांदूळ झाला. तिनं तो शिजवला आणि पळसाच्या पानावर मायाक्काला वाढला. म्हातारी जेवली. जेवताना तिचं लक्ष ठकूच्या तोंडाकडं गेलं आणि तिनं हात आखडला. चार घास पानातच ठेवून म्हणाली, “हे तुझं. लेकुरवाळी हायेस.”

आता इथं ठकूनं ते चार घास खाल्ले असते तर कुणी काही म्हटलं नसतं. पण सासऱ्याचं वाक्य तिच्या गाठीला होतं. देवीच्या आधी पोर नाही ना, मग देवीला देऊ. दुसरं अन्न घरात नव्हतंच. ती तेच पान उचलून देवळाकडं निघाली.

पायरीवर दोघं म्हातारे आडवे आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं. सुभानजी म्हणाला, उष्टं पान देवीपुढं ठेवलंस तर माझ्या घरात पाऊल ठेवायचं नाही. तो काही नुसता धाक नव्हता. घर गेलं म्हणजे पाणवठा गेला, आसरा गेला, अंगावरचं पोर उघड्यावर.

ठकू म्हणाली, “मामंजी, तुमच्या घरात तरी खायला काय आहे?”

आणि ती त्यांच्या मधून आत गेली. तिनं पान वाघजाईपुढं ठेवलं. असं सांगतात की, त्याच क्षणी देवीच्या दोन्ही खांद्यांवरच्या कळ्या, डावी आणि उजवी, एकदम सुटल्या आणि त्या पानात पडल्या. खरं की खोटं, देवीला ठाऊक. त्या पडल्या नसत्या तरी ठकूनं तेच केलं असतं, असं आपलं माझं मत आहे.

चमत्कार झाला म्हणून म्हातारे वठणीवर आले असं समजू नका. उष्ट्यावर पडलेला कौल धरायचा नसतो, असं म्हणून ते परत पारावर जाऊन बसले. सुभानजीनं दार लावून घेतलं. ठकूनं प्रसादाचा एक घास खाल्ला, पोराला घेतलं आणि त्या खाचरात जाऊन बसली. मायाक्कानं पुढं जायचं सोडून आपल्या मेंढ्या तिथंच बांधावर बसवल्या आणि शेळी पिळून पोराच्या तोंडात बोटानं दूध सोडलं. संध्याकाळी पोर रडलं, चांगलं मोठ्यानं, सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्यानं.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तसं एक बाई विळा घेऊन बांधावर आली. ती राघोजीची बायको, गुणाई. ती काही बोलली नाही. पदर खोचला आणि आपल्या खाचरात कापायला वाकली. तिच्या मागून दुसरी आली, मग खालच्या आळीच्या आल्या, मग त्यांचे नवरे जरा अंतर ठेवून आले, सगळ्यात शेवटी ठकूचा नवराही आला. दुपारपर्यंत झोडणी सुरू झाली. बांधावर चुली मांडल्या.

आमच्या भाताला वास आहे. आता येतोय ना, तोच. तो पारापर्यंत गेला. दोघं म्हातारे एकमेकांकडं न बघताच उठले म्हणे. खाली उतरून पंगतीच्या टोकाला उभे राहिले. बसा म्हणायला कुणी धजेना, जा म्हणायलाही कुणी धजेना.

ठकू तांब्या घेऊन पुढं आली. म्हणाली, “जेवायला वाढते, मामंजी. आधी सगळ्यांच्या हातावर पाणी घाला.”

सुभानजीनं सुनेच्या हातातून तांब्या घेतला. राघोजीनं दुसरा उचलला. आणि त्यांनी अख्ख्या पंगतीच्या हातावर पाणी घातलं, मायाक्कापासून सुरुवात करून. जेवले सगळ्यांच्या शेवटी. पुढं मायाक्का कोकणात निघाली तेव्हा ठकूनं देवीपुढं शब्द दिला की ह्या गावात पहिला विळा आणि पहिलं पान दाराबाहेर थांबलेल्याचं, दुसरं वाघजाईचं, आणि मानकरी सगळ्यात मागं. ते पोर जगलं. खालची अर्धी आळी त्याच्याच वंशातली आहे, मीही त्यातलाच. कापणीनंतर मेंढ्या बसलेल्या त्या खाचरातला दाणा कितीही उशीर झाला तरी झडत नाही म्हणतात. खताचा गुण असेल. गाव म्हणतं, ठकूचा शब्द.

शब्द मोडायची हौस म्हाताऱ्यांची अजून गेलेली नाही. गेल्या वर्षी अण्णांनी पहिलं पान एका पुढाऱ्याला द्यायचं ठरवलं होतं. त्याच्यासाठी खुर्चीला कव्हर घातलं, हार आणला. बायांनी चुलीच पेटवल्या नाहीत. पुढारी सकाळचे घारगे खाऊन गेला.

ह्या वर्षी कव्हर नाही. ते बघा, देवळाच्या पायरीजवळ तांब्या घेऊन उभे आहेत ते अण्णा पांगारे, आणि शेजारी माझे चुलत आजोबा, तात्या रेणुसे. वर्षभर ह्या दोघांचं एका बांधावरून कोर्टात चाललंय. आजही तेच दोघं तुमच्या हातावर पाणी घालणार. अण्णांचा हात थरथरतो, तेव्हा पाणी इकडं तिकडं पडलं तर पडू द्या, हात मागं घेऊ नका. त्यांनाही भूक लागलीय.

चला, भातानं वाफ धरली. पण कुणी पंगतीत बसायच्या आधी एकानं जरा वर रस्त्यावर जा. तुमच्या बसचा ड्रायव्हर सकाळपासून गाडीतच बसून आहे. सकाळी चहाला बोलावलं तर म्हणाला, मी काय पाहुणा नाही. त्याला खाली घेऊन या. पहिलं पान त्याचं आहे, आणि तो जेवल्याशिवाय देवीसुद्धा जेवायची नाही.